प्लांटेड टँकच्या स्पर्धेत जज म्हणून बसताय? टँक कसा बघायचा आणि मार्क कसे द्यायचे

आपल्याकडे प्लांटेड टँकचे, म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या अ‍ॅक्वेरियमचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आता गावोगावी झालेत, आणि ग्रुप जरा मोठा झाला की कोणीतरी म्हणतंच, चला यंदा स्पर्धा घेऊया. मग एंट्र्या येतात, एखादा दुकानदार बक्षिसाला लाइट नाहीतर सॉइलच्या म्हणजे टँकमधल्या मातीच्या बॅगा देतो, आणि ग्रुपमधल्या दोघातिघा जुन्या लोकांना सांगितलं जातं की दादा, जज तुम्हीच. या लोकांचे स्वतःचे टँक झकास असतात यात वादच नाही, पण टँक लावणं वेगळं आणि दुसऱ्याच्या टँकसमोर उभं राहून याला ७२ का आणि शेजारच्याला ७८ का हे सांगणं वेगळं. त्याची कोणी शिकवणी घेत नाही, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी माझा एकच आग्रह सांगून ठेवतो, पुढचं सगळं त्याच्याच आधाराने येणार आहे. तुम्ही दिलेल्या किंवा कापलेल्या प्रत्येक मार्कासाठी टँकमधली एक जागा बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. "इथे, या दगडाच्या मागे" असं सांगता येत नसेल तर तो मार्क कापायचा नाही. स्पर्धकाने चार-सहा महिने टँकमध्ये हात घातलेला असतो, त्याला तेवढं तरी मिळालंच पाहिजे.

आधी स्पर्धेचा प्रकार नक्की करा

एकाच तक्त्याने सगळ्या स्पर्धा तपासता येत नाहीत. आपल्याकडे साधारण तीन प्रकार चालतात.

पहिला फोटोवरून. जगातल्या मोठ्या स्पर्धा अशाच चालतात. जपानच्या निइगातामधल्या एडीए (अ‍ॅक्वा डिझाइन अमानो) कंपनीची आयएपीएलसी ही प्लांटेड टँकची आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली, कंपनीचे संस्थापक ताकाशी अमानो यांनी सुरू केलेली, आणि अमेरिकेतल्या अ‍ॅक्वाटिक गार्डनर्स असोसिएशनची म्हणजे एजीएची स्पर्धा त्याच्याही एक वर्ष आधीची. दोन्हीकडे तुम्ही फोटो पाठवता आणि जज तो बघतात.

दुसरा प्रकार घरी जाऊन बघायचा. नेदरलँड्समध्ये डच स्टाइलच्या, म्हणजे फक्त झाडांच्या गटांवर उभ्या केलेल्या टँकसाठी ही पद्धत मुरलेली आहे, तिथले तयार केलेले जज स्पर्धकाच्या घरी जातात, झाडांसोबत मासे आणि पाण्याची स्थितीही बघतात. मेहनतीचं काम आहे पण माझ्या मते सगळ्यात न्यायाची पद्धत हीच, कारण टँकला बाजू असतात, वरून दिसणारा भाग असतो, वास असतो, आणि फोटोत यातलं काहीच येत नाही.

तिसरा लाइव्ह बिल्ड. हॉलमध्ये सगळ्यांना सारख्या मापाचे टँक, तीन-चार तास वेळ, आणि समोरच लावायचं. बघायला मजा येते, गर्दी जमते. पण इथे झाडं रुजलेली आहेत का, टँक किती दिवस टिकला हे तपासायला काहीच नसतं, त्यामुळे लागवडीचा हात, उताराला दिलेला आधार, दगड हलतो का, वेळेचं भान यालाच मार्क द्यावे लागतात. आणि एक गोष्ट आयोजकांना आधीच ठामपणे सांगा, की लाइव्ह बिल्डमध्ये मासे सोडायचे नाहीत. नवीन अ‍ॅक्वासॉइल सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडत असते, फिल्टरमध्ये बॅक्टेरिया बसलेले नसतात, अशा पाण्यात फोटोपुरते निऑन टेट्रा टाकणं म्हणजे त्यांना मारणंच आहे. ज्या स्पर्धेत हा नियम नाही तिथे मी जज म्हणून जात नाही.

मार्कांचा तक्ता

तक्ता स्वतःच्या मनाने बनवायच्या आधी मोठे लोक काय करतात ते बघून घ्या. एजीएची विभागणी अशी: एकूण प्रभाव ३५, रचना, तोल, जागेचा आणि रंगाचा वापर ३०, साहित्याची निवड आणि वापर २०, आणि हा टँक असाच पुढे जगेल का याला १५. आयएपीएलसीने बरीच वर्षं १०० पैकी तब्बल ५० मार्क माशांसाठी नैसर्गिक अधिवास उभा केलाय का या एकाच मुद्द्याला ठेवले आणि बाकी तंत्र, दीर्घकाळ टिकणं, नावीन्य, नैसर्गिक वातावरण, रचना यांना प्रत्येकी १०. दोन तक्ते शेजारी ठेवले की कळतं की तक्त्यातच स्पर्धेचं मत लपलेलं असतं. एकाला चित्र कसं दिसतं हे मोठं वाटतं, दुसऱ्याला मासा तिथे राहील का हे.

आपल्या गावपातळीच्या स्पर्धेला मी एजीएचाच साचा घेतो पण झाडांच्या तब्येतीचं वजन वाढवतो. एकूण प्रभाव ३०, रचना ३०, साहित्य १५ आणि तब्येत २५. कारण सरळ आहे, आपल्याकडे नवीन माणूस हार्डस्केपवर म्हणजे दगड-लाकडावर भरपूर पैसे घालतो आणि झाडं महिनाभरात वितळतात, तर ज्याने साध्या ड्रिफ्टवुडवर जावा फर्न आणि क्रिप्ट वर्षभर निरोगी ठेवलेत त्याला तक्त्यात जागा मिळाली पाहिजे. हे वजन एंट्र्या यायच्या आधी जाहीर करा. नंतर बदललं की भांडण ठरलेलं.

शक्य असेल तर आकारानुसार गट करा, नॅनो टँक आणि चार फुटी टँक एका रांगेत लावू नका. नवोदितांचा गट वेगळा ठेवला तर उत्तमच.

पहिली नजर, पेन खाली ठेवून

टँकसमोर गेल्यावर लगेच लिहायला लागू नका. सहा-सात फूट लांब उभे राहा, मग स्टूल घेऊन असे बसा की तुमचे डोळे काचेच्या मध्याच्या पातळीला येतील, आणि मिनिटभर नुसतं बघा. नजर पहिल्यांदा कुठे गेली? तिथून पुढे कुठे सरकली? ती टँकमध्येच फिरत राहिली की एखाद्या कोपऱ्यातून बाहेर पडली? एवढंच मनात टिपायचं. फिल्टरचा इनलेट पाइप, हीटर, हिरवी नळी असं काही पहिल्या मिनिटात खुपलं असेल तर तेही लक्षात ठेवा. घरच्या टँकमध्ये उपकरणं असणारच, ती असल्याबद्दल मार्क कापायचे नाहीत, पण मागे झाडांत लपवायची जागा असून ती पुढेच लोंबत असतील तर कापायचे.

मग सगळे टँक एकदा असेच बघून या. एकही मार्क न देता. हा टप्पा लोक वेळ नाही म्हणून गाळतात आणि तिथेच सगळं फसतं, कारण पहिल्या टँकला ८५ देऊन बसलात आणि सहावा त्याच्यापेक्षा कितीतरी सरस निघाला की पुढे जागाच उरत नाही. पूर्ण फेरी मारल्यावर मनात सगळ्यात चांगला, सगळ्यात कच्चा आणि एक मधला असे तीन टँक धरा, त्यांना आधी मार्क द्या आणि बाकीचे त्यांच्या आजूबाजूला बसवा.

रचना कशी तपासायची

इथे गोल्डन रेशोची, म्हणजे टँकची लांबी साधारण १.६ ला १ अशी भागणाऱ्या बिंदूची चर्चा सगळेच करतात. ६० सेंटिमीटरच्या टँकमध्ये तो बिंदू एका बाजूने साधारण ३७ आणि दुसरीकडून २३ वर येतो, ९० च्या टँकमध्ये साधारण ५६ आणि ३४ ला. मुख्य दगड किंवा लाकडाचा जोर तिथे असला की नजर सुखावते हे खरं, पण टेप घेऊन मोजत बसू नका. मध्यभागी ठेवलेला डोंगरसुद्धा चालतो, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सारखी नसली आणि एका बाजूचा उतार लांब असला की. मध्यावर ठेवून दोन्ही बाजू आरशासारख्या केल्या असतील तर मात्र टँक मरगळतो.

मी रचनेत पुढच्या गोष्टी बघतो, आणि यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर मी जास्त वेळ घालवतो.

उतार. पुढे दोन-तीन सेंटिमीटर सॉइल आणि मागे दहा-बारा किंवा त्याहून जास्त, असा चढ असला की फूटभर रुंदीच्या टँकमध्येही खोली तयार होते. बाजूच्या काचेतून बघा, सॉइल घसरून सपाट झालीय का. पुढच्या काचेला सॉइलचा थर वर-खाली लाटांसारखा दिसतो का सरळ एका रेषेत आहे, हेही.

मोकळी जागा. सगळीकडे काहीतरी भरायची आपली खोड असते. पाण्याची रिकामी जागा, वाळूची पायवाट, दगडांमधली दरी, हे नसेल तर मासे पोहतात कुठे आणि नजर थांबते कुठे.

साहित्याची एकजात. एका टँकमध्ये ड्रॅगन स्टोन, मध्येच पांढरा क्वार्ट्झ आणि कोपऱ्यात लाव्हा रॉक असं असेल तर तिथे बोट ठेवा. इवागुमी, म्हणजे दगडांवरच उभी केलेली जपानी रचना असेल तर दगड एकाच जातीचे हवेत, त्यांच्या अंगावरच्या रेघांची दिशा जुळलेली हवी, मुख्य दगड म्हणजे ओयाइशी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मोठा हवा, आणि बाकीचे त्याच्याकडे झुकणारे किंवा त्याच्याच दिशेने वाहणारे. लोक दगडांची विषम संख्या मोजतात, ती बघाच, पण तीन दगड विषम असून रांगेत उभे असतील तर ती इवागुमी जमलेली नाही.

जोड. हार्डस्केपचे तुकडे सुपरग्लूने चिकटवायची पद्धत आता सगळीकडे आहे आणि त्यात गैर काही नाही. पण तो गोंद पाण्यात पांढरा पडतो, आणि लाकडाच्या जोडावर पांढरे डाग उघडे दिसत असतील, मॉस बांधलेला दोरा दिसत असेल, तर हात घाईचा आहे. फांद्यांची टोकं सगळी एका दिशेला वाढल्यासारखी दिसतात का, की एक फांदी मुळासारखी आणि शेजारची शेंड्यासारखी लावलीय, हेही जवळून बघा.

प्रमाण. मोठ्या पानाचं झाड मागे आणि बारीक पानाचं पुढे लावलं की खोली मरते, उलटं केलं की वाढते. मासा हीच टँकमधली मोजपट्टी असते. छोट्या टँकमध्ये डोंगररांग उभी केलीय आणि त्यावरून पूर्ण वाढलेला एंजल मासा फिरतोय, तर डोंगर लगेच खडा दिसतो. तिथेच एम्बर टेट्राचा किंवा बोरारासचा छोटासा थवा असता तर तोच टँक दुप्पट वाटला असता.

डच टँकला हे सगळं लागू करू नका. तिथे दगड-लाकूड जवळपास नसतंच, झाडांचे गट हीच रचना. एक जात एकाच ठिकाणी, शेजारच्या गटाशी पानाचा आकार, रंग, उंची यात ठळक फरक, लाल झाड जोर देण्यापुरतं, आणि गर्दी टाळण्यासाठी साधारण फुटाला तीनच जाती हा जुना ठोकताळा. पुढून मागे जाणारी लोबेलियाची चढती ओळ, ज्याला लायडन स्ट्रीट म्हणतात, ती नीट छाटलेली आहे का बघा. ओळीतली पुढची रोपं बुटकी आणि मागची चढत गेलेली असली पाहिजेत, मधेच एखादं उंच डोकं काढत असेल तर छाटणी चुकलीय.

आणि डायोरामा. म्हणजे पाण्याखाली जंगल, दरी, वाळूचा धबधबा वगैरे. याच्यावरून जजांमध्ये कायम दोन तट पडतात. मला स्वतःला असे टँक आवडतात, कारागिरी अफाट असते, पण मी त्यांना एक प्रश्न विचारतो: यातले मासे काढून टाकले तर काही फरक पडेल का? पडत नसेल तर एकूण प्रभावात थोडे मार्क कमी, कारण आपण अ‍ॅक्वेरियमची स्पर्धा घेतोय. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण ते तक्त्यात आधी लिहून ठेवा, निकालाच्या दिवशी काढू नका.

आता काचेला नाक लावून

तब्येतीचे २५ मार्क लांबून देता येत नाहीत. छोटा टॉर्च आणि शक्य असेल तर भिंग सोबत ठेवा. घरी जाऊन बघणार असाल तर वेळ नीट ठरवा. लाइट लागून किमान दोन-तीन तास झालेले असावेत, आणि लाइट बंद व्हायच्या तोंडावर तर अजिबात जाऊ नका, कारण रोटाला, लिम्नोफिला अशी स्टेम प्लांट, म्हणजे उभ्या काडीवर वाढणारी झाडं, दिवस संपत आला की शेंड्याची पानं मिटून घेतात आणि निरोगी झाडही मलूल दिसतं.

आणखी एक फसवणूक, बहुतेक वेळा नकळत झालेली. जज येणार म्हणून स्पर्धक सकाळीच अर्धं पाणी बदलतो. ताज्या नळाच्या पाण्यात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन पानांवर, दगडांवर, काचेवर सगळीकडे चिकटतो आणि लोक म्हणतात वा काय पर्लिंग आहे. खरं पर्लिंग पानातून निघतं, एकाच जागेवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर जात राहते, आणि दगडावर ते नसतं. फरक बघायला अर्धं मिनिट लागतं.

मग झाड धरून धरून बघा. स्टेम प्लांटचा खालचा भाग: वर हिरवंगार आणि खाली नुसत्या काळ्या काड्या असतील तर खाली उजेड किंवा पाणी पोचत नाहीये. नवीन पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या, तर बहुधा लोह कमी पडतंय. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं, तर बहुधा पोटॅशियम. मी मुद्दाम बहुधा म्हणतोय, कारण जजने तिथे उभ्या उभ्या डॉक्टर व्हायचं नाही, जे दिसतं ते लिहायचं.

कार्पेट, म्हणजे सॉइलवर पसरणाऱ्या बुटक्या झाडांचा गालिचा असेल तर बाजूच्या काचेतून त्याचा छेद बघा. मोंटे कार्लो किंवा एचसी क्युबा वरून मखमल दिसते पण खालचा थर पिवळा-तपकिरी होऊन सुटायला लागला असेल तर दोन आठवड्यांत अख्खा गालिचा तरंगणार आहे. कार्पेटमध्ये अजून चौकोनी ठिपके वेगळे दिसतात का, मध्ये मध्ये सॉइल दिसते का? तर टिश्यू कल्चरच्या म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या रोपांच्या कपातून लावून फार दिवस झालेले नाहीत. त्यात वाईट काही नाही, पण तब्येतीच्या खात्यात पूर्ण मार्क कसे द्यायचे? पाण्याबाहेर वाढवलेली पानं जाड, ताठ आणि बऱ्याचदा जास्त गोल असतात, पाण्यातली पातळ आणि लवचिक. एकाच काडीवर खाली एक आणि वर दुसरा प्रकार दिसला की टँकचं वय कळतं.

अल्गीबद्दल म्हणजे शेवाळाबद्दल नवीन जज फार कडक असतात. जुन्या अ‍ॅनुबियासच्या पानावर दोन हिरवे ठिपके असणं म्हणजे टँक जिवंत आहे, त्याला अर्धा मार्क पुरे. पण ड्रिफ्टवुडच्या टोकांवर आणि पानांच्या कडेला काळ्या दाढीसारखी अल्गी सगळीकडे असेल तर झाडांसाठी पाण्यात सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) रोज वर-खाली होतोय अशी दाट शंका घ्या. नव्या टँकमध्ये तपकिरी डायटम असणं सामान्य आहे, ते लिहा पण फार कापू नका. मॉसमध्ये गुंतलेली केसांसारखी अल्गी मात्र नीट शोधा, ती लांबून मॉससारखीच दिसते.

ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी छोटी कुपी लावलेली असेल तर रंग बघा. आत ४ डीकेएचचं (कार्बोनेट कठिणतेचं माप) द्रावण असेल तर हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम, पिवळा म्हणजे जास्त. हा रंग तास-दोन तास मागचं सांगतो हे विसरू नका. पिवळा रंग आणि मासे वर येऊन तोंड उघडतायत, अशी जोडी दिसली तर मार्क राहू द्या, आधी स्पर्धकाला सांगा की सीओटू बंद कर.

मासे

माशांना वेगळं खातं नसलं तरी तब्येत आणि एकूण प्रभाव दोन्हींत ते मोजले जातात. पंख मिटलेले, रंग उडालेला, कोपऱ्यात गठ्ठा करून बसलेले मासे म्हणजे एकतर काल आणलेले आहेत नाहीतर पाणी बिघडलंय. फार जातींची खिचडी नको, एका जातीचा चांगला थवा जास्त शोभतो. रमीनोज टेट्राचं नाक लालभडक आहे का बघा, पाणी आवडलं नाही की तो रंग आधी फिका पडतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पाणी सहज ३० अंशांवर जातं, त्यामुळे शक्यतो स्पर्धा हिवाळ्यात ठेवा, झाडं आणि मासे दोघंही खूश असतात आणि निकालही खरा लागतो.

बायोटोपचा, म्हणजे निसर्गातल्या एखाद्या खऱ्या जागेसारखा टँक लावायचा गट ठेवला असेल तर कडक व्हा, तिथे गोष्टच वेगळी. जागा एकच हवी आणि ती स्पर्धकाने नाव घेऊन सांगायला हवी. समजा कोणी सह्याद्रीतला ओढा केला, गोल झालेले काळे दगड, पानांचा कचरा, क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरालिस, आणि त्यात कार्डिनल टेट्रा सोडले, तर कितीही देखणा असू दे, कार्डिनल दक्षिण अमेरिकेतला, तो बायोटोप राहिला नाही. डेनिसन बार्ब सोडला तर वरवर पश्चिम घाटाचाच मासा, पण तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांमधला, साताऱ्याच्या ओढ्यात तो नाही. आणि झाडं कुठून आणली हे जरूर विचारा. सड्यावरची आणि नदीतली दुर्मिळ झाडं स्पर्धेसाठी उपटून आणायची प्रथा सुरू होता कामा नये, तशी एंट्री मी सरळ बाद करतो. नर्सरीतून नाहीतर दुसऱ्या हॉबीवाल्याच्या टँकमधल्या छाटणीतून आणलेलं झाड चालेल.

फोटोवरून तपासताना

फोटोसाठी उपकरणं बाहेर काढणं, मागून पांढरा उजेड देणं, वरून पाण्यावर हेअर ड्रायरचा वारा मारून लाटा उठवणं, हे सगळं सर्वमान्य आहे, त्याला हरकत नको. क्रॉप आणि रंगाचा तोल सुधारणंही चालतं. एडिट करून अल्गी पुसणं, मासे चिकटवणं, झाडाचा रंग हिरव्याचा लाल करणं चालत नाही. ओळखायचं कसं? माशांचे थवे नीट बघा, दोन मासे हुबेहूब एकाच पोझमध्ये असतील तर शंका घ्या. लाल झाडासोबत शेजारचं लाकूडही लालसर दिसत असेल तर रंग चढवलाय. पण शोधाशोधीपेक्षा नियम सोपा करा: मुख्य फोटोसोबत मोबाइलवर काढलेला तीस सेकंदांचा, एडिट न केलेला व्हिडिओ मागा, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून, उपकरणं जागेवर असताना. निम्मे वाद तिथेच मिटतात.

कॉपीचा विषयही इथेच येतो. जगातल्या नावाजलेल्या टँकचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि शिकण्यासाठी तसाच टँक लावणं मला मनापासून मान्य आहे, नवोदित गटात तर मी त्याबद्दल काहीच कापत नाही. खुल्या गटात मात्र दगडाला दगड आणि फांदीला फांदी तीच असेल तर एकूण प्रभावात निम्म्याच्या वर देऊ नका, आणि शेऱ्यात कारण स्पष्ट लिहा.

बेरीज करताना होणारा घोळ

हे कोणी सांगत नाही म्हणून आकड्यातच दाखवतो. तीन जज, दोन टँक. पहिल्या जजने क ला ८८ आणि ख ला ८४ दिले. दुसऱ्याने क ला ८६, ख ला ८३. तिसऱ्याने क ला ५५ आणि ख ला ७८. बेरीज केली तर क २२९, ख २४५, म्हणजे ख जिंकला, आणि तिघांपैकी दोघांना तर क चांगला वाटला होता! जो जज मार्क पसरून देतो त्याचं मत आपोआप जड होतं आणि जो सगळ्यांना ८० ते ९० मध्ये ठेवतो त्याचं हलकं.

उपाय दोन आहेत. एकतर मार्कांवरून प्रत्येक जजचा क्रमांक काढा आणि क्रमांकांची बेरीज करा, इथे क चे १, १, २ म्हणजे ४ आणि ख चे ५, कमी तो पुढे. पाच जज असतील तर सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा मार्क वगळून मधल्या तिघांची सरासरी घ्या. पण त्याआधी एक काम करा, एवढी तफावत दिसली की तिघांनी मिळून त्या टँकसमोर परत जा आणि ५५ वाल्याला विचारा, तुम्ही काय पाहिलंत? कदाचित त्याने मागच्या कोपऱ्यात मेलेला मासा पाहिला असेल जो बाकी दोघांना दिसला नाही. किंवा त्याला डायोरामाच आवडत नसेल. पहिल्या बाबतीत बाकीच्या दोघांनी मार्क सुधारायचे, दुसऱ्या बाबतीत त्याने. मार्क देईपर्यंत मात्र जजांनी आपसात एक शब्दही बोलायचा नाही. वयाने मोठे जज "हा काही खास नाही" म्हणाले की धाकटा गप्प बसतो, हे आपल्याकडे हमखास होतं.

बरोबरी झाली तर काय, हेही आधी ठरवा. मी तब्येतीचे मार्क जास्त त्याला पुढे नेतो.

आणि ओळखीचा प्रश्न. ग्रुप एवढासा, सगळ्यांचे टँक सगळ्यांनी आधीच पाहिलेले, त्यामुळे नावं झाकून नंबर दिले तरी टँक ओळखू येतोच. म्हणून नियम करा: ज्या टँकचं सामान तुमच्या दुकानातून गेलंय, ज्याचा हार्डस्केप तुम्ही हात लावून सुचवलाय, किंवा जो तुमच्या घरातल्याचा आहे, त्याला तुम्ही मार्क द्यायचे नाहीत, बाकीच्या जजांची सरासरी लावायची. यात कोणाचा अपमान नाही आणि एकदा रूळलं की कोणी प्रश्नही विचारत नाही.

शेरा

एजीएच्या स्पर्धेची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे जजांचे शेरे सगळ्यांना वाचायला मिळतात, आणि बाकी काही नाही केलं तरी एवढं आपण उचलावंच. "छान प्रयत्न, अजून मेहनत घ्या" हा शेरा नाही. त्यातून त्या पोराने उद्या टँकमध्ये काय करायचं?

असा लिहा: "डावीकडच्या लाकडाचा उतार आणि त्याखालची क्रिप्टची सावली सुंदर, नजर तिथून वाळूकडे आपोआप येते. उजवीकडचा रोटाला मुख्य दगडाच्या डोक्यावर गेलाय म्हणून दगड बुटका दिसतो. दोन-तीन आठवडे आधी दगडाच्या उंचीच्या खाली छाटला असता तर आज तो गोल झुडपासारखा भरून दगडाच्या मागे बसला असता. पुढच्या काचेजवळ कार्पेट पिवळं पडतंय, पुढच्या छाटणीत निम्मं उतरवा." चार ओळी, तीन जागा, आणि प्रत्येक ठिकाणी काय करायचं ते. चांगली गोष्टही जागेसकट सांगायची, नाहीतर माणूस पुढच्या वेळी तीच मोडून टाकतो.

शेरा बघत असतानाच लिहा, रात्री घरी जाऊन लिहायला बसलात तर सगळे टँक एकमेकांत मिसळतात. मी मोबाइलवर व्हॉइस नोट करतो, टँकचा नंबर बोलून, आणि नंतर कागदावर उतरवतो. साधारण वीस टँक असतील तर एका टँकला दहा मिनिटं धरा, म्हणजे तीन-साडेतीन तास, मध्ये एक चहाची सुट्टी हवीच कारण शेवटच्या पाच टँकांवर थकलेल्या डोळ्यांचा अन्याय होतो. दुसऱ्या फेरीचा क्रम उलटा करा, वीसकडून एककडे.

निकाल लागल्यावर मार्कांचा तक्ता चारही खात्यांसकट स्पर्धकाच्या हातात द्या, आणि जजांनी तासभर हॉलमध्ये थांबायचं. कोणी येऊन "सर, माझे रचनेचे सहा मार्क कुठे गेले" विचारलं तर त्याच्यासोबत टँकपर्यंत चालत जायचं आणि ती जागा दाखवायची.